मरा, राम आणि सात सोंगट्या

वाल्या कोळ्याच्या तोंडी ‘राम’ येईना, म्हणून तो ‘मरा, मरा’ म्हणत राहिला आणि त्यातूनच रामनाम उमटलं, ही कथा आपण लहानपणीच ऐकतो. ‘काम’चा ‘मका’, ‘कविता’चं ‘विकता’ हेही त्यातलंच.

इंग्रजी स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द करायचा खेळ, खेळणारा सतत हेच करत असतो. हातातल्या सातही सोंगट्या वेगळ्या असतील, तर त्या ५,०४० प्रकारे मांडता येतात. एकपासून सातपर्यंत कितीही सोंगट्या घ्यायच्या म्हटलं, तर मांडण्या होतात १३,६९९! प्रत्येक मांडणी शब्दकोशात शोधायची?

नाही. यावरची युक्ती मला फार सुंदर वाटते. मांडण्या करायच्याच नाहीत. शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं आधीच वर्णक्रमाने लावून ठेवायची. ‘रिटेन्स’, ‘रेटिनाज’ आणि ‘नॅस्टियर’ हे तिन्ही इंग्रजी शब्द असे लावले की ‘ए ई आय एन आर एस टी’ हीच ओळ मिळते. म्हणजे तिघांचा कप्पा एकच. आपली अक्षरंही त्याच क्रमाने लावायची आणि तो कप्पा उघडायचा. सात अक्षरांतून निवडी होतात फक्त १२७, म्हणून कप्पेही तेवढेच उघडायचे. मग प्रत्येक अक्षराच्या गुणांची बेरीज.

हे गुणही मोजूनमापून ठरलेले आहेत. १९३०च्या दशकातल्या मंदीत काम गेलेले अमेरिकी वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजली. सारखं भेटणाऱ्या ‘ई’ला १ गुण, दुर्मीळ ‘क्यू’ आणि ‘झेड’ला १०. सातही सोंगट्या एकाच खेळीत लावल्या, तर वर ५०.

मराठीत मात्र आधी ठरवावं लागतं, अक्षर म्हणजे काय? संगणक काना वेगळा साठवतो. त्याच्या लेखी राम, मरा, मार आणि रमा ही चारही ‘र’, ‘म’ आणि एक काना, म्हणून एकाच कप्प्यात. आपल्या कानाला मात्र राम-मरा ही एक जोडी, मार-रमा दुसरी. माझा कौल कानाला. पण मग एकट्या ‘क’ची बाराखडीच डझनभर सोंगट्या मागते, आणि जोडाक्षरं तर अजून मोजलेलीच नाहीत.