खरखर कुणाला गोड लागते? प्रोग रॉक, प्रोग मेटल आणि आपला कान

मामांच्या घरी दिवाळीला जमलो की फराळानंतर आमचा वाद ठरलेला. मामांचा जन्म 1956 चा. कॉलेजात असताना कुणाकुणाच्या एलपी तबकडीवरून टेप करून घेतलेले येस, जेनेसिस, किंग क्रिमसन आणि पिंक फ्लॉइड हे प्रोग रॉक बँड त्यांनी आयुष्यभर ऐकले. मी ड्रीम थिएटर, टूल आणि मेशुगा हे प्रोग मेटल बँड ऐकत मोठा झालो. दोन्ही संगीतांना ‘प्रोग्रेसिव्ह’च (थोडक्यात ‘प्रोग’) म्हणतात, दोन्हींत लांबलचक रचना आहेत, अवघड ताल आहेत. तरी मामा म्हणतात, “अरे, यात सूर कुठे आहे? नुसती खरखर.” आणि मी म्हणतो, “मामा, तुमचं गाणं पाच मिनिटं झाली तरी सुरूच होत नाही.”

बरीच वर्षं मला हा फक्त पिढीतला फरक वाटायचा. आवाजाचं शास्त्र थोडं वाचल्यावर लक्षात आलं, की मामांची तक्रार शब्दशः खरी आहे. खरखर आहेच. ती मोजता येते, आणि तिच्यामुळेच हे दोन प्रकार वेगळ्या वाटांनी गेले.

गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण 82 वेळा कंप पावते. तिला सा मानलं तर तिचा पंचम 123 च्या आसपास येतो. प्रमाण 2:3, आपल्या तंबोऱ्यातलंच. मेटलवाले ज्याला ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले स्वर) तो म्हणजे हा सा-प. आता या दोन आकड्यांतला फरक बघा: 41. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक पोकळी असते. तिच्यातला पडदा प्रत्येक स्वराला वेगळ्या जागी हलतो, म्हणून आपल्याला स्वर वेगळे ऐकू येतात. पण खर्जात ही वेगळं काढण्याची ताकद तोकडी पडते. तिथं दोन स्वर साधारण 100 हर्ट्झच्या (सेकंदाला 100 कंपनांच्या) पट्ट्यात आले, तर पडद्याच्या जवळजवळ एकाच भागावर येऊन आदळतात. मग सेकंदाला 41 वेळा वरखाली होणारा एक थरथरता आवाज जाणवतो. प्लॉम्प आणि लेवेल्ट या दोन डच संशोधकांनी 1965 मध्ये या खरखरीचा हिशेब मांडला: दोन शुद्ध स्वरांतलं अंतर कानाच्या या पट्ट्याच्या सुमारे पाव हिश्श्याइतकं असतं, तेव्हा ती सर्वांत जास्त टोचते.

हे झालं नुसत्या तारांचं. त्यावर मेटलमध्ये डिस्टॉर्शन चढतं. अँप्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त सिग्नल दिला की लाटेचे शेंडे छाटले जातात, आणि छाटलेल्या लाटेत मूळ स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर तयार होतात. 123 वजा 82, म्हणजे पुन्हा 41. पण आता ती नुसती थरथर राहत नाही, स्पीकरमधून येणारा खरा स्वर होते, आणि तो स्वर म्हणजे बरोबर एक सप्तक खालचा सा! कुठलीही तार न वाजवता कॉर्डला पाया मिळतो. पॉवर कॉर्ड छातीत जाणवतो त्याचं एक कारण हे.

हाच प्रयोग सा-गवर केला की सगळं बिघडतं. गिटारचे पडदे पेटीसारखेच समान अंतरांच्या हिशेबानं बसवलेले असतात. त्यात पंचम जवळजवळ शुद्ध येतो, पण गंधार अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका चढा लागतो. पेटीच्या गंधाराबद्दल गवई वर्षानुवर्षं कुरकुरत आलेत तो हाच. स्वच्छ आवाजात हा चढेपणा आपण चालवून घेतो. डिस्टॉर्शनमध्ये मात्र त्या गंधारातून निघालेल्या बेरजा-वजाबाक्याही किंचित बेसूर असतात, त्या एकमेकींवर आपटतात आणि कॉर्डचा चिखल होतो. चार-पाच स्वरांचा जॅझमधला कॉर्ड तर ओळखूही येत नाही.

मला वाटतं, मामांच्या आणि माझ्या संगीतातली फट इथून सुरू होते. गडद डिस्टॉर्शन स्वीकारलं की स्वरसंगतीची श्रीमंती बरीचशी सोडून द्यावी लागते. आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे हळू-जोरातला फरक. तार हलके छेडा की जोरात, शेंडे छाटल्यावर आवाज जवळपास तेवढाच येतो. मग वादकाच्या हातात उरतं काय? वेळ. आवाज कधी सुरू होतो आणि कधी तुटतो, एवढंच. म्हणून मेटलचा गिटारवादक उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून स्वर दाबतो, मधल्या शांततेलाच आघात बनवतो. त्याची सगळी बुद्धी तालात जाते.

उलट बाजूला मेलोट्रॉन बघा. दिसायला पेटीसारखं वाद्य, पण प्रत्येक कळीखाली चुंबकीय टेपची एक पट्टी. कळ दाबली की तिच्यावर ध्वनिमुद्रित केलेली खरी व्हायोलिनं किंवा बासऱ्या वाजतात, सुमारे 8 सेकंद. मग टेप संपते. बोट उचलून पुन्हा दाबावंच लागतं. टेपचा वेग किंचित डगमगतो, म्हणून तो आवाज पाण्यातून आल्यासारखा वाटतो. किंग क्रिमसनच्या 1969 च्या पहिल्या अल्बमवर हा आवाज लाटेसारखा चढत जातो. त्याची मजा संथपणे बदलणाऱ्या स्वरांत आणि रंगांत आहे. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावतात, म्हणून रचनाही तेवढ्या वाढल्या. येसची 1972 मधली ‘क्लोज टू द एज’ ही रचना जवळपास 19 मिनिटांची आहे आणि ती एकटी एक बाजू व्यापते. मी ज्याला “सुरूच होत नाही” म्हणायचो, ती त्या संगीतातली आलापी होती. मला ती ऐकायला शिकावी लागली.

तालाचं काय? पिंक फ्लॉइडचं 1973 मधलं ‘मनी’ सात मात्रांत आहे. पाश्चात्त्य श्रोत्यांना त्याचं अजून कौतुक वाटतं. आपल्याकडे तबला शिकणारं मूल रूपक म्हणतच असतं: ती ती ना, धी ना, धी ना. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग इथं फार बोलके आहेत. आग्नेय युरोपातल्या बाल्कन भागातल्या विषम तालांत छोटीशी मोडतोड केली, तर बल्गेरिया-मॅसेडोनियात वाढलेल्या प्रौढांना ती कळत होती, उत्तर अमेरिकेतल्या प्रौढांना नाही. सहा महिन्यांच्या उत्तर अमेरिकी बाळांना मात्र ती कळत होती! वर्षाची होईपर्यंत ती क्षमता ओसरत होती. त्या वयाच्या बाळांना घरी दोन आठवडे तसं संगीत ऐकवलं की ती परत यायची, मोठ्यांना तेवढ्यानं साधत नव्हतं. म्हणजे अवघड ताल हा मुळात अवघड नसतो, तो ओळखीचा नसतो.

मेशुगा हा स्वीडनमधल्या उमेओ शहरातला बँड याच गोष्टीशी खेळतो. झांजेवर सरळ चार-चारचा ठेका चालतो. त्याखाली गिटार आणि पायाचा ड्रम वेगळ्याच लांबीची आकृती वाजवतात. समजा, प्रत्येक आवर्तनाचे 16 तुकडे आहेत आणि गिटारची आकृती 25 तुकड्यांची. ती पाच वेळा वाजवली की 125 होतात. तीन तुकडे जोडले की 128, म्हणजे नेमकी आठ आवर्तनं, आणि सगळे एकदम समेवर येतात. तिहाईवर मान डोलावणाऱ्या माणसाला हा आनंद परका असायचं काही कारण नाही. अडचण एवढीच, की गिटारची खरखर कान इतका व्यापून टाकते की नवा श्रोता झांजेपर्यंत पोचतच नाही.

पुढं काय होणार याचा अंदाज मेंदू सतत बांधत असतो, आणि संगीतातला आनंद बराचसा त्या अंदाजाच्या खेळातून येतो. व्हिन्सेंट च्युंग आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये पॉप गाण्यांतल्या हजारो कॉर्डवरून दाखवलं, की पुढचं नक्की ठाऊक असताना आलेला धक्का आवडतो, आणि काहीच अंदाज नसताना आलेला, धक्का न देणारा कॉर्डही आवडतो. काहीच अंदाज नसताना आणखी धक्के बसले की मात्र माणूस वैतागतो. मामा मेशुगा ऐकताना याच तिसऱ्या अवस्थेत असतात. मी त्याच गाण्यात पहिल्या अवस्थेत असतो.

पण मग मला त्यांचं संगीत आवडू लागलं आणि त्यांना माझं नाही, असं का? कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी 2013 मध्ये तरुणांना जुनी गाणी ऐकवून बघितली. त्यांच्या आईवडिलांच्या तारुण्यातल्या गाण्यांशीही या मुलांच्या भावना आणि आठवणी जोडलेल्या निघाल्या. घरात वाजत राहिलेलं कानात मुरतं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी मामांकडे काढल्या, त्यांच्या टेपरेकॉर्डरच्या खोलीतच झोपायचो. माझ्या संगीताला मामांपर्यंत पोचायला अशी वाट कधी नव्हतीच.

राहता राहिला गळा. प्रोग मेटलमध्ये काही ठिकाणी गुरगुरत गातात. त्यात स्वरतंतूंच्या वरच्या, एरवी गाण्यात भाग न घेणाऱ्या घड्याही थरथरतात. लुक आर्नाल, डेव्हिड पोपेल आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलं, की माणसाच्या किंकाळीचं वेगळेपण तिच्यातल्या सेकंदाला 30 ते 150 वेळा होणाऱ्या चढउतारांत आहे, आणि असा खरखरीत आवाज मेंदूतल्या भीतीशी संबंधित अमिग्डाला या भागाला जास्त चेतवतो. आपल्या पॉवर कॉर्डची 41 ची थरथर याच पट्ट्यात बसते! तरी अशाच गुरगुरत्या गायकीच्या डेथ मेटलच्या चाहत्यांना विचारलं तर ते शक्ती, आनंद, अगदी शांतीसुद्धा सांगतात, आणि इतरांना त्याच संगीतात ताण, भीती नि राग जाणवतो. त्या वेळी सिडनीच्या मॅक्वॉरी विद्यापीठात असलेल्या बिल थॉम्पसन यांच्या गटाला हे आढळलं आहे. चाहत्याच्या मेंदूत धोक्याची घंटा वाजत नाही असं मला यावरून वाटत नाही. ती वाजते, आणि इथं धोका नाही हेही त्याला ठाऊक असतं.

गेल्या दिवाळीत मी मामांना ओपेथ या स्वीडिश बँडचा 2003 चा ‘डॅमनेशन’ ऐकवला. गुरगुर नाही, डिस्टॉर्शन जवळजवळ नाही, मेलोट्रॉन आहे. मामांनी डोळे मिटून दोन गाणी ऐकली आणि विचारलं, “हे बाहत्तरचं का रे?” मग मी त्याच बँडचं, त्याच गायकाचं जुनं, गुरगुरणारं गाणं लावलं. त्यांनी हात वर करून थांबवलं. मी आवाज कमी केला आणि म्हटलं, “मामा, गळ्याकडे लक्ष देऊ नका. फक्त झांज मोजा.” त्यांनी मांडीवर बोटं धरली. चौथ्या आवर्तनात चुकले, पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.