इटेनचे रंगचक्र

स्विस चित्रकार व कलाशिक्षक योहानेस इटेन (१८८८–१९६७) यांच्या नावाने ओळखले जाणारे बारा रंगांचे वर्तुळ. मध्यभागी पिवळा, तांबडा व निळा या मूळ रंगांचा त्रिकोण, त्याला लागून नारिंगी, हिरवा, जांभळा हे दुय्यम रंग आणि बाहेरच्या कड्यात या सहांसह त्यांची दरम्यानची मिश्रणे अशी त्याची मांडणी असते. समोरासमोरचे रंग परस्परपूरक मानतात. सर्वपरिचित झालेली ही आकृती इटेन यांच्या १९६१ च्या ग्रंथातली आहे. इटेन जर्मनीतील वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत (१९१९–२३) शिकवत असतानाचा १९२१ चा तक्ता वेगळा आहे. त्यात बारा रंग व सात उजळ-गडद पायऱ्यांचा रंगगोल ताऱ्यासारखा उलगडून दाखविला असून, जर्मन चित्रकार रुंगे यांच्या १८१० मधील रंगगोलाचे ऋण त्यावर उघड दिसते. बारा भागांची विभागणी मात्र बहुधा इटेन यांचे श्टुटगार्ट येथील गुरू आडोल्फ ह्योल्त्सेल यांच्याकडून आली असावी. बाउहाउसमधील सहकारी गेर्ट्रूड ग्रुनो याही बारा रंगांचे वर्तुळ वापरीत. पण इटेन यांचे ह्योल्त्सेल यांच्याकडील शिक्षण त्याआधीचे आहे.

चित्रात कोणत्या रंगाने किती जागा व्यापावी, या क्षेत्रफळाच्या प्रमाणाचे मूळ अधिक वादग्रस्त आहे. पिवळा ९, नारिंगी ८, तांबडा ६, हिरवा ६, निळा ४, जांभळा ३ ही तेजस्वितेची प्रमाणे इटेन यांनी जर्मन कवी गटे यांच्या नावावर नोंदविली व पुढच्या पाठ्यपुस्तकांनी ती तशीच उचलली. प्रत्यक्षात ती जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहौअर यांच्या १८१६ च्या निबंधातील अपूर्णांकांशी तंतोतंत जुळतात. तेथे पिवळा ३/४ तर जांभळा १/४, नारिंगी २/३ तर निळा १/३, तांबडा व हिरवा प्रत्येकी १/२ आहे. त्यांचा आधार डोळ्याच्या पडद्याच्या क्रियेविषयीची एक कल्पना होती, मोजमाप नव्हे. त्यामुळे श्रेय शोपेनहौअर यांना देणे अधिक योग्य. समतोलासाठी क्षेत्रफळ याच्या उलट घ्यावे लागते, म्हणजे पिवळा ३ भाग असता जांभळा ९ भाग. रंग पूर्ण शुद्ध असतील तरच हे लागू पडते, ही अट वर्गात अनेकदा गळून जाते.

रसायनशास्त्रज्ञ ओस्टव्हाल्ट यांच्या २४ भागांच्या चक्रात चार मूळ रंग असून पिवळ्यासमोर निळा येतो. १९२७ मध्ये त्यांनी डेसाउच्या बाउहाउसमध्ये व्याख्याने दिली. रंगद्रव्यांच्या कसोटीवर इटेन यांचे चक्र कच्चे ठरते. नेहमीचा तांबडा व निळा मिसळल्यास जांभळा मळकट येतो, म्हणून छपाईत मॅजेंटा व सायन वापरतात. इटेन यांचे खरे योगदान सात रंगविरोधांच्या, म्हणजे रंगारंगांतील सात प्रकारच्या फरकांच्या, अभ्यासात आहे. बाउहाउसमध्येच शिकविलेले योझेफ आल्बर्स यांनी पुढे अमेरिकेत चक्रापासून आरंभ करणेच टाळले आणि विद्यार्थ्यांना रंगीत कागद देऊन, एकच रंग दोन पार्श्वभूमींवर दोन वेगळे रंग भासेल अशी रचना करावयास लावली.