वादळाच्या वरून नव्हे, पोटातून

‘हरिकेनमध्ये, म्हणजे अमेरिकेकडच्या चक्रीवादळात, विमान शिरलं की तुकडे होतात, म्हणून शास्त्रज्ञ वरूनच घिरट्या घालतात’, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. २७ जुलै १९४३ रोजी अमेरिकी लष्करी वैमानिक जोसेफ डकवर्थ टेक्सासजवळच्या वादळात प्रशिक्षणाचं साधं विमान घेऊन शिरले आणि सुखरूप परतले. आज अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान आणि महासागर संस्थेची पी-३ विमानं साधारण तीन किलोमीटर उंचीवरून थेट डोळ्यात, म्हणजे वादळाच्या शांत केंद्रात, जातात. नुसत्या जोरदार वाऱ्याने विमान मोडत नाही, ते हवेबरोबर वाहतं. धोका असतो तो अचानक वर-खाली फेकणाऱ्या झोतांचा. मग एवढी जोखीम कशाला? विमानातून सोडलेली ड्रॉपसोंड ही हातभर नळी छोट्या पॅराशूटवर समुद्रापर्यंत उतरताना दाब, तापमान, आर्द्रता, वारा कळवत राहते. केंद्रातला दाब उपग्रहाला थेट मोजताच येत नाही.