एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस बी किंवा सी: ठाणे-नवी मुंबईत मोफत औषधं घेताना कागद कुठे अडतात

एचआयव्हीची औषधं एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारे उपचार) सेंटरवर मिळतात आणि हिपॅटायटिसची २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून. दोन्ही मोफत आहेत, उत्पन्नाचा दाखला कुठेच लागत नाही. पण दोन्हीकडे नोंदणी वेगळी, केसपेपर वेगळा. एका खिडकीवरची माहिती दुसऱ्या खिडकीपर्यंत आपोआप पोचत नाही, ती रुग्णालाच पोचवावी लागते. त्यात ठाण्याचं सिव्हिल रुग्णालय राज्य सरकारचं, कळव्याचं रुग्णालय ठाणे महापालिकेचं आणि वाशीचं नवी मुंबई महापालिकेचं. म्हणून प्रत्येक रिपोर्टची झेरॉक्स जवळ ठेवाच.

खासगी लॅबच्या एचआयव्ही रिपोर्टवर एआरटी सुरू होत नाही. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात, पुन्हा तपासणी होते, तीन वेगवेगळ्या किटवर, आणि तिथला क्रमांक असलेला रिपोर्टच पुढे चालतो. सोबत फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. तुर्भे-रबाळेत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराचं आधार बहुधा गावच्या पत्त्याचं असतं. तेवढ्यासाठी घरी परतू नका. काउन्सेलरला भेटा, खरा पत्ता सांगा, आणि तिथेही अडलं तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. एका कागदासाठी माणसाचं औषध लांबणं कुठल्याच नियमाच्या हेतूत बसत नाही.

मुलुंड सोडून ऐरोलीला राहायला आलेल्यांची अडचण वेगळी. मुंबईचं काम मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्था बघते, ठाणे जिल्ह्याचं राज्याची संस्था. कंटाळून नवा रुग्ण म्हणून नाव घालू नका. आधी कुठली औषधं घेतली, हे त्यात पुसलं जातं. जुन्या सेंटरवरून ट्रान्सफरचं पत्र घ्या आणि नवीन ठिकाणी नाव लागेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या मागून घ्या.

आता हिपॅटायटिस बी, म्हणजे लोक जिला पांढरी कावीळ म्हणतात ती. इथे बरेच जण विनाकारण दुसऱ्या रांगेत उभे राहतात. एआरटीची नेहमीची एक गोळी तीन औषधांची असते: टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ, लॅमिवुडिन ३०० मिग्रॅ, डोलुटेग्राव्हिर ५० मिग्रॅ. यातली पहिली दोन हिपॅटायटिस बीवरही काम करतात. वेगळी गोळी लागत नाही. एचआयव्ही लपवून हिपॅटायटिसच्या खिडकीवर गेलात तर तिथेही टेनोफोव्हिर हातात पडेल, डोस दुप्पट होईल आणि मूत्रपिंडावर ताण येईल. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: फक्त हिपॅटायटिस बीचा रुग्ण म्हणून एकटी टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर सुरू करण्याआधी एचआयव्ही तपासलेला हवा, नाहीतर एचआयव्हीचा विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो. आणि बरं वाटतं म्हणून ही गोळी मध्येच सोडली तर यकृताला अचानक जोरात सूज येऊ शकते. पुढे कधी एचआयव्हीची औषधं बदलायची वेळ आली, तर ‘मला बी आहे, टेनोफोव्हिर ठेवायची आहे ना?’ असं स्पष्ट विचारा.

हिपॅटायटिस सीसाठी मात्र दुसऱ्या खिडकीवर जावंच लागतं आणि बहुतेक जण परत येतात ते इथूनच. पहिलं कारण, हातात फक्त अँटिबॉडीचा रिपोर्ट असतो. त्यातून एवढंच कळतं की विषाणू कधीतरी शरीरात आला होता. औषध मिळतं आरएनए (विषाणू आत्ता रक्तात आहे का, ही तपासणी) पॉझिटिव्ह असेल तरच, आणि ती तपासणी कार्यक्रमातच मोफत होते, बाहेर पैसे घालू नका. दुसरं कारण, यकृत किती खराब झालंय हे एएसटी आणि एएलटी (रक्तात मोजली जाणारी यकृताची दोन एन्झाइम्स), प्लेटलेट आणि वय यांवरून काढतात. स्वस्तातल्या लिव्हर प्रोफाइलमध्ये पुष्कळदा एएसटीच नसतं. रक्त देण्याआधी यादीत ते आहे का बघा, आणि प्लेटलेटचा नमुना त्याच दिवशी द्या. हिपॅटायटिस बीचा रिपोर्टही लावा, कारण सीचं औषध चालू असताना दबलेला बी उसळू शकतो.

तिसरा कागद कोणाकडेच नसतो: एआरटीच्या डॉक्टरांची, चालू औषधांची नावं लिहिलेली चिठ्ठी. एआरटी सेंटरचं हिरवं पुस्तक (रुग्णाजवळची नोंदवही) असतं, पण औषध बदलल्याची नोंद करायचं पान कोरं. सीवरच्या डक्लाटासव्हिर या औषधाचा डोस या चिठ्ठीवरच ठरतो. एरवी ६० मिग्रॅ आणि डोलुटेग्राव्हिरसोबतही तेवढाच. एचआयव्हीचं एफाव्हिरेन्झ चालू असेल तर ९०, रिटोनाव्हिरसह अटाझानाव्हिर असेल तर ३०. टीबीची रिफॅम्पिसिन चालू असेल तर डक्लाटासव्हिर देताच येत नाही, म्हणून तेही सांगा. एचआयव्ही सांगायची भीती वाटते, ते समजतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे आणि उपचारात भेदभाव करायला बंदी आहे. काही अडलं तर एड्स हेल्पलाइनला, १०९७ वर, फोन करा.

आता तारखा. सिऱ्होसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं) नसेल तर सोफोसबुव्हिर ४०० मिग्रॅ आणि डक्लाटासव्हिर रोज, १२ आठवडे. सीच्या डबीत २८ गोळ्या असतात, एआरटीच्या डबीत ३०. दोन्ही एकाच दिवशी आणायच्या ठरवल्या तर सीच्या गोळ्यांत दर डबीला दोन दिवसांचा खंड पडतो. म्हणून दोन तारखा वेगळ्या लिहून ठेवा. १ जूनला सुरू केलं तर ८४ वी गोळी २३ ऑगस्टला. बरं झालंय का, ही तपासणी त्या दिवशी नसते. ती शेवटच्या गोळीनंतर पुन्हा १२ आठवड्यांनी, म्हणजे १५ नोव्हेंबर किंवा त्यानंतर. ऑगस्टमध्येच रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून फिरकायचं थांबू नका. नोव्हेंबरचा आरएनए रिपोर्ट लॅमिनेट करून ठेवा. अँटिबॉडी पुढेही पॉझिटिव्हच येत राहते, आणि उद्या ऑपरेशनच्या आधी कोणी घाबरवलं तर दाखवायला तोच कागद लागतो.