गिटार अँपमधली दोघांची करवत

वखारीत मोठा ओंडका कापायचा असला की करवतीच्या दोन टोकांना दोन माणसं बसतात. दोघांनीही फक्त ओढायचं असतं. ढकलायला गेलं तर पातं वाकतं. एकानं ओढलं की दुसऱ्यानं हात सैल सोडायचा, मग त्याची पाळी. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांच्या, गिटार अँपमध्ये स्पीकरच्या आधीच्या शेवटच्या टप्प्यात हेच चालतं. या रचनेला 'पुश-पुल' म्हणतात खरं, पण व्हॉल्व्हमधून करंट एकाच दिशेनं जातो, म्हणजे तिथले दोन्ही पॉवर व्हॉल्व्ह नुसते ओढणारेच. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याची दोन टोकं त्यांच्या हातात असतात आणि मध्यावरून साडेतीनशे-चारशे व्होल्टचा पुरवठा येतो.

दोघांनी एकाच क्षणी ओढलं तर करवत जागची हलत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात दोन्ही बाजूंचं चुंबकत्व एकमेकांना खोडतं आणि स्पीकर गप्प राहतो. (पुरवठ्यातली घरघर याच कारणानं बरीचशी नाहीशी होते, कारण ती दोघांकडे सारखीच पोचते.) म्हणून एकाला 'ओढ' आणि त्याच क्षणी दुसऱ्याला 'सोड' असं सांगणारं कुणीतरी हवं. गिटारकडून तर एकच सिग्नल येतो. त्याच्या दोन प्रती, एक सुलट आणि एक उलट, तयार करणारा टप्पा म्हणजे फेज इन्व्हर्टर. त्याच्यासाठी बहुतेक वेळा १२एएक्स७ हा करंगळीएवढा व्हॉल्व्ह असतो, कधी तर त्याच्यातल्या दोन भागांपैकी एकच. तरीही अँप जोरात वाजवल्यावर कसा ओरडेल हे पुष्कळसं इथे ठरतं, असं माझं मत आहे.

१९५५च्या सुमाराचा फेंडर डीलक्स अँप घ्या, ज्याच्या सर्किटला ५ई३ म्हणतात. त्यातला इन्व्हर्टर इतका साधा आहे की पहिल्यांदा आकृती पाहताना काहीतरी राहून गेलंय असं वाटतं. ट्रायोड म्हणजे तीन भागांचा व्हॉल्व्ह: कॅथोड आणि प्लेट यांच्यामधला करंट मधला ग्रिड कमी-जास्त करतो. अशा एका ट्रायोडच्या प्लेटला ५६ किलोओहमचा रेझिस्टर, कॅथोडलाही ५६ किलोओहमचाच. बस्स. ग्रिडवरचा सिग्नल वर गेला की व्हॉल्व्हमधला करंट वाढतो. तोच करंट दोन्ही रेझिस्टरमधून जातो, त्यामुळे कॅथोडचा व्होल्टेज जितका चढतो तितकाच प्लेटचा उतरतो. दोन प्रती आपोआप सारख्या, मग व्हॉल्व्ह नवा असो वा दहा वर्षं तापलेला. याला कॅथोडाइन म्हणतात. किंमत एवढीच की यात सिग्नल मोठा होत नाही, उलट किंचित घटतो. त्यामुळे आधीच्या टप्प्यानं तो पुरेसा मोठा करून द्यावा लागतो.

कॅथोडाइनविषयी एक गैरसमज फार चिवट आहे. प्लेटच्या बाजूचा अंतर्गत रोध जास्त आणि कॅथोडच्या बाजूचा कमी, म्हणून दोन्ही प्रती सारख्या असूच शकत नाहीत, असं सांगितलं जातं. एकाच बाजूला भार लावून मोजलं तर तसं दिसतं हे खरं. पण अँपमध्ये दोन्ही बाजूंना सारखाच भार असतो, ५ई३मध्ये प्रत्येकी २२० किलोओहमचा. दोन्हीकडचा भार सारखा आहे तोवर दोन्हीकडचा करंट सारखा आणि व्होल्टेजही सारखा. म्हणून इथे रेझिस्टर छापील किमतीला तंतोतंत उतरला नाही तरी चालतं, पण दोघे एकमेकांशी जुळलेले हवेत. पाच टक्के सूट असलेला ५६ किलोओहमचा रेझिस्टर ५३.२ ते ५८.८मध्ये कुठेही असू शकतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दहा-बारा एकदम आणायचे, मल्टिमीटरवर मोजायचे आणि त्यातले दोन जुळे वेगळे काढायचे.

खरी गोष्ट सुरू होते ती आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवल्यावर. ५ई३मधल्या ६व्ही६ या पॉवर व्हॉल्व्हचा ग्रिड त्याच्या कॅथोडच्या तुलनेत साधारण वीस व्होल्ट खाली बसवलेला असतो. सिग्नलचं शिखर त्याहून उंच गेलं की ग्रिड स्वतःच करंट खाऊ लागतो आणि इन्व्हर्टरवरचा भार त्या क्षणापुरता एकदम जड होतो. तोही एकाच बाजूला, कारण दोघांची शिखरं आळीपाळीनं येतात. कॅथोडच्या बाजूचा ६व्ही६ करंट खात असताना कॅथोडखालचे ५६ किलोओहम जवळजवळ नसल्यासारखे होतात. मग सभ्यपणे दोन प्रती काढणारा ट्रायोड क्षणभर तगडा अँप्लिफायर बनतो आणि प्लेटकडच्या लाटेच्या तळाला एक टोकदार सुळका फुटतो. ऑसिलोस्कोपवर तो स्पष्ट दिसतो. कानाला तो किरकिरीसारखा येतो, विशेषतः सूर विरत असताना.

सिग्नल आणखी वाढवला तर इन्व्हर्टरचा स्वतःचा ग्रिडही करंट खाऊ लागतो. आता प्लेट आणखी खाली जाऊ शकत नाही. चढत्या कॅथोडबरोबर तीही वर ओढली जाते आणि लाट स्वतःवरच दुमडते. एका लाटेच्या जागी दोन दिसू लागतात, म्हणून सुराच्या मागे वरच्या सप्तकाची भुतासारखी सावली ऐकू येते. काहींना ती हवीहवीशी वाटते. मला जाड, गोल विकृती (डिस्टॉर्शन) आवडते, म्हणून मी ती काढतो. उपाय काही रुपयांचा आहे: इन्व्हर्टरच्या ग्रिडला ४७० किलोओहमचा रेझिस्टर, सॉकेटच्या पिनलाच चिकटवून लावायचा. पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडनाही प्रत्येकी दहा किलोओहम किंवा थोडे जास्त दिले की सुळकाही बसतो.

मार्शल आणि व्हॉक्स या कंपन्यांच्या मोठ्या अँपमध्ये इन्व्हर्टरची दुसरीच जात असते, लाँग-टेल्ड पेअर. तिचा पेटंट १९३६चा, ब्रिटिश इंजिनिअर अ‍ॅलन ब्लमलाइन यांचा. ते तेव्हा ईएमआय या कंपनीत टेलिव्हिजनवर काम करत होते. स्टिरिओ ध्वनीच्या आद्य संशोधकांपैकीही ते एक. १९४२मध्ये रडारची चाचणी घेताना विमान कोसळून ते गेले, अवघ्या ३८व्या वर्षी. गिटारवादकांनी त्यांचं नाव माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या रचनेत दोन ट्रायोडचे कॅथोड एकत्र बांधून खाली एक मोठा रेझिस्टर, म्हणजे 'शेपूट', लावतात. शेपटातून जाणारा एकूण करंट जवळजवळ ठरलेला असतो. एकानं जास्त घेतला की दुसऱ्याच्या वाट्याला तितका कमी येतो. इथे सिग्नल मोठाही होतो आणि अतिभारात लाट बरीच नीटस कापली जाते.

शेपूट जितकं लांब, तितका तोल चांगला. व्हॉक्स एसी३०मध्ये ते ४७ किलोओहमचं आहे, फेंडरच्या ५एफ६-ए बासमनमध्ये १० किलोओहमचं. जिम मार्शल यांच्या लंडनच्या दुकानात बनलेला पहिला अँप, जेटीएम४५, याच बासमनवर बेतलेला. शेपूट आखूड असलं की ज्या ट्रायोडच्या ग्रिडवर सिग्नल येतो तो जोडीदारापेक्षा थोडा जास्त वाढवतो. म्हणून त्याच्या प्लेटला ८२ किलोओहम आणि जोडीदाराला १०० किलोओहम देऊन फरक भरून काढतात. एसी३०मध्ये मात्र दोन्हीकडे शंभरच.

तोल तपासायचा तर एक किलोहर्ट्झचा स्वच्छ सिग्नल द्यायचा आणि दोन्ही पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा एसी व्होल्टेज मोजायचा. त्याआधी अँप बंद करून प्लग काढायचा आणि फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करून शून्य झाल्याची मीटरवर खात्री करायची, मग प्रोबच्या क्लिपा जोडायच्या. बंद अँपमध्येही जीव घेण्याइतकी वीज साठून राहू शकते. चालू असताना एक हात खिशात ठेवायचा.

आकडे पाच-सात टक्क्यांनी वेगळे आले तर मी हात लावत नाही. पुश-पुल टप्प्यात दुसरा, चौथा असे सम स्वरांश (हार्मोनिक) दोन्ही बाजूंनी येऊन एकमेकांना खोडतात. तोल किंचित ढळला की त्यातला दुसरा, म्हणजे मूळ सुराचा वरच्या सप्तकातला जोडीदार, थोडासा शिल्लक राहतो. हाय-फाय बांधणारा तो शेवटच्या कणापर्यंत घालवेल. गिटारच्या अँपमध्ये तो सुराला अंग देतो.

त्यापेक्षा मी वेळ घालवतो कपलिंग कपॅसिटरवर, म्हणजे एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात फक्त सिग्नल जाऊ देणाऱ्या कपॅसिटरवर. ५ई३मध्ये इन्व्हर्टर आणि पॉवर व्हॉल्व्ह यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरड आहेत. २२० किलोओहमबरोबर ते सात हर्ट्झपर्यंतचा खर्ज पुढे जाऊ देतात. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची. ग्रिडनं करंट खाल्ला की हा मोठा कपॅसिटर भरून बसतो आणि रिकामा व्हायला वेळ घेतो. तोवर पॉवर व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहतो, आवाज घुसमटतो. त्याच्या जागी ०.०२२ लावला तर सीमा ३३ हर्ट्झवर येते आणि झटका दिल्यावर अँप लवकर सावरतो. दोन्ही किमतींचे कपॅसिटर मी स्विचवर बसवून खालच्या ई तारेवर जोरात तेच तेच वाजवून पाहिलं. आता माझ्या अँपमध्ये ०.०२२च आहेत.