स्मार्ट उपकरणे : सोय एकाची, उघडेपण दुसऱ्याचे

२०२४च्या उन्हाळ्यात नागपूरसह विदर्भात महावितरणच्या स्मार्ट मीटरला विरोध सुरू झाला, तेव्हा लोकांच्या तक्रारी मुख्यतः दोन होत्या. आधी पैसे भरून मग वीज मिळणार ही एक धास्ती, आणि नवे मीटर जास्त पळते हा दुसरा संशय. जून महिन्यात तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य घरगुती ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवले जाणार नाहीत, असे जाहीर केले. पुढे बिल नंतर भरण्याची, पण दूरवरून वाचता येणारी मीटर ‘टीओडी’ (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार वीजवापर नोंदणारी) या नावाने बसू लागली. हे मीटर घरातली कोणती माहिती बाहेर नेते, हा प्रश्न त्या गदारोळात जवळजवळ कोणी विचारला नाही. त्याच सुमारास त्याच गावांतल्या ओसऱ्यांवर, गोठ्यांत आणि संत्र्याच्या बागांत मोबाइलवर दिसणारे कॅमेरे लागत होते, आणि त्यांना कोणाचाच विरोध नव्हता. मीटर कंपनीने लावले होते, कॅमेरा आपल्याच पोराने. एवढ्या एका फरकावर एक वस्तू संशयास्पद ठरली आणि दुसरी काळजीची खूण. प्रत्यक्षात दोन्ही वस्तू एकाच इतिहासातून आलेल्या आहेत, आणि त्या इतिहासात सोय आणि खासगीपणा यांचा सौदा कसा बदलत गेला, हे पाहिल्याशिवाय आजचा प्रश्न नीट मांडता येत नाही.

घरातील उपकरणे दुरून चालवण्याच्या खटपटीला पन्नास वर्षे होऊन गेली. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथिस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये ‘एक्स-१०’ ही पद्धत तयार केली. तिच्यात वेगळी तार लागत नसे; घरात आधीच असलेल्या विजेच्या वायरिंगमधूनच बारीक संकेत पाठवले जात आणि दिवा किंवा पंखा चालू-बंद होत असे. घरासाठी सोळा आणि उपकरणासाठी सोळा असे मिळून २५६ पत्ते उपलब्ध होते, पासवर्ड मात्र नव्हता. त्यामुळे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या दोन शेजाऱ्यांनी घरासाठी तोच पत्ता निवडला, तर एकाच्या बटणाने दुसऱ्याचा दिवा लागण्याची शक्यता असे. सुरक्षेच्या दृष्टीने ही व्यवस्था आजच्या कसोटीवर टिकणार नाही. तरीही तिच्यात एक गोष्ट शाबूत होती : दिवा केव्हा लागला आणि केव्हा विझला, याची नोंद घराबाहेर कोणाकडेही जमा होत नव्हती.

इंटरनेट आल्यावर सुरुवातीचे प्रयोग गमतीचेच होते. १९९० मध्ये जॉन रॉमकी यांनी एका प्रदर्शनात इंटरनेटवरून चालणारा टोस्टर दाखवला, आणि केंब्रिज विद्यापीठातील संगणक प्रयोगशाळेत १९९१ पासून कॉफीच्या भांड्यावर रोखलेला एक कॅमेरा होता. कॉफी शिल्लक आहे की संपली, हे जागेवरून न उठता कळावे एवढाच त्याचा हेतू. १९९३ मध्ये ते चित्र साऱ्या जगाला इंटरनेटवर दिसू लागले. भांड्याला खासगीपणा नसतो, म्हणून कोणाचे काही बिघडले नाही.

खरा बदल २०१० नंतरचा आहे, आणि तो उपकरणांच्या हुशारीपेक्षा ती हुशारी कुठे ठेवली यात आहे. २०११ मध्ये बाजारात आलेला ‘नेस्ट’चा तापमान-नियंत्रक घरातल्या माणसांच्या सवयी शिकत असे, २०१४ मध्ये गूगलने ही कंपनी ३२० कोटी डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षी अॅमेझॉनचा ‘एको’ हा बोलका स्पीकर आला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये तो भारतातही विकला जाऊ लागला. ठरावीक हाक ऐकू येईपर्यंतचे काम स्पीकर स्वतः करतो, पण त्यापुढचे बोलणे कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि अर्थ तिथे लागतो. २०१९ मध्ये प्रसारमाध्यमांनी उघड केले की, अशा ध्वनिमुद्रणांचा काही भाग माणसेही ऐकतात. अॅमेझॉन, गूगल आणि अॅपल या तिन्ही कंपन्यांबाबत ते निघाले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने मुलांची ध्वनिमुद्रणे राखून ठेवल्याच्या आरोपावरून अॅमेझॉनवर कारवाई केली आणि २ कोटी ५० लाख डॉलरचा दंड ठरला. विदर्भाच्या खेड्यांत बोलके स्पीकर फारसे पोचलेले नाहीत. मात्र त्यांनी रुळवलेली व्यवस्था, म्हणजे यंत्र आपल्या घरात आणि त्याचा मेंदू दुसऱ्याच्या इमारतीत, ही खेड्यातल्या कॅमेऱ्यापर्यंत जशीच्या तशी आली आहे.

खेड्यातल्या स्मार्ट उपकरणांची वंशावळ मात्र वेगळ्या जागेपासून सुरू होते : ओलिताच्या मोटरपासून. शेतीपंपाला तीन फेज वीज आळीपाळीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळत आल्यामुळे वऱ्हाड असो की चंद्रपूर-गडचिरोलीचा जंगलपट्टा, मोटर लावायला रात्री-अपरात्री वावरात जाणे हे कास्तकाराच्या नशिबी होते. साप, रानडुक्कर, बिबट आणि ताडोबाच्या बाजूला वाघ, ही धोक्याची यादी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. फोन लावून मोटर सुरू करणारे संच म्हणूनच खेड्यात चटकन रुजले. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या संचाला २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले, आणि नंतर तालुक्याच्या बाजारात तशा प्रकारचे ‘मोबाइल स्टार्टर’ सर्रास मिळू लागले.

या संचांत धोका नव्हता असे नाही. ठरावीक नंबरवरूनच हुकूम घेण्याची सोय ज्यात नसेल, त्या संचातल्या सिमचा नंबर ठाऊक असणारा कोणीही मोटर चालवू शकतो, आणि विहिरीत पाणी नसताना मोटर चालली तर ती जळते. पण इथला हिशेब सरळ होता. सोय ज्याची, जोखीम त्याचीच. विहीर त्याची, मोटर त्याची, आणि नंबर कोणाला सांगायचा हा निर्णयही त्याचा. मोटर किती वाजता चालली यावरून फार तर त्याच्या ओलिताचे वेळापत्रक कळेल. सोय आणि जोखीम एकाच माणसाच्या पदरात असली की तो आपले आपण तोलून पाहू शकतो. पुढच्या उपकरणांत नेमके हेच राहिले नाही.

कॅमेऱ्यांना वाट करून दिली ती सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या स्वस्त डेटाने. त्यापूर्वी घरचा कॅमेरा बाहेरून पाहायचा तर राउटरमध्ये खास वाट उघडावी लागे आणि ते काम जाणकाराचे होते. नंतरच्या स्वस्त कॅमेऱ्यांनी ही कटकट संपवली. कॅमेरा स्वतःच कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला राहतो, मालकाचा मोबाइलही त्याच सर्व्हरकडे जातो आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. डब्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की काम झाले. मोबाइलचे सिम आणि सौर पाटी असलेला कॅमेरा तर वीज नसलेल्या धुऱ्यावरही चालतो. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागा, अंगणात रचलेला कापूस, सौर पंपांच्या पाट्या आणि विहिरीवरची केबल यांच्या चोऱ्या होणाऱ्या मुलखात ही सोय चैनीची म्हणता येणार नाही. नागपूर-पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाला गावी एकट्या राहणाऱ्या आईची चाल मोबाइलवर दिसणे, हेही नाकारण्यासारखे नाही.

तथापि याच सोपेपणाने दार किती उघडे राहते, याचे पुरावे आधीपासून होते. अमेरिकेत ट्रेंडनेट या कंपनीच्या सुमारे ७०० ग्राहकांच्या कॅमेऱ्यांचे थेट चित्रण इंटरनेटवर कोणालाही पाहता येत होते. त्यांत झोपलेली तान्ही मुलेही होती. २०१३ मध्ये व्यापार आयोगाने त्या प्रकरणी कंपनीवर अटी घातल्या. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाचा घातक प्रोग्रॅम पसरला. त्याची युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून येणारी ‘अॅडमिन’ छापाची ६२ नाव-पासवर्डांची यादी घेऊन तो जगभरचे कॅमेरे आणि राउटर चाचपत जाई आणि जे उघडेल ते ताब्यात घेई. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांच्या फौजेने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डिन’ या कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत तासन् तास कोलमडल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना आपला कॅमेरा कोणत्या कामाला जुंपला गेला याचा पत्ताही नव्हता, कारण त्यांचे चित्र व्यवस्थित दिसत होते.

भारतात या विषयाने लोकांना हादरवले ते फेब्रुवारी २०२५ मध्ये, जेव्हा राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील स्त्रियांच्या तपासणीचे सीसीटीव्ही चित्रण समाजमाध्यमांवर विकले जात असल्याचे उघड झाले. पोलिसांनी पकडलेल्यांत महाराष्ट्रातील तरुणही होते. पासवर्ड कमकुवत होता, ही त्या प्रकरणाची एक बाजू झाली. तपासणीच्या खोलीत कॅमेरा मुळात हवाच कशाला होता, हा प्रश्न त्याहून आधीचा आहे, आणि कोणताही पासवर्ड त्याचे उत्तर देत नाही.

गावात पासवर्डाचा प्रश्न आणखी एका माणसाशी जोडलेला असतो. तालुक्याहून आलेला कॅमेरा बसवणारा मुलगा बहुधा स्वतःच्या मोबाइलवरून सगळे चालू करून देतो, खाते कित्येकदा त्याच्याच ई-मेलवर उघडलेले असते, आणि बिघाड झाला तर पुन्हा यायचे म्हणून तो प्रवेश काढून टाकत नाही. त्याच्या मनात काही वाईट असेलच असे नाही. पण ओसरीवरचा, अंगणातला आणि न्हाणीच्या वाटेवरचा कॅमेरा त्याला केव्हाही उघडता येतो, हे घरातल्या बाईला कोणी सांगितलेलेही नसते.

खेड्यातले घर म्हणजे खोल्यांचा बंद डबा नसतो. भांडी घासणे, केस विंचरणे, शेजारणीशी बोलणे, बाळाला पाजणे, उन्हाळ्यात रात्री बाजेवर झोपणे, हे सारे अंगणात आणि ओसरीवर चालते. चोरासाठी लावलेला कॅमेरा दिवसभर पाहतो तो सून, सासू, कामाला येणाऱ्या बाया आणि सालदार यांना. शहरातल्या मुलाला सोय मिळते. पाहिले जाण्याचे ओझे ज्यांच्यावर पडते त्यांना विचारलेले नसते, आणि बहुतेकांना कॅमेरा कुठवर पाहतो, ऐकतो की नाही, चित्रण किती दिवस राहते हे ठाऊक नसते. सोय आणि खासगीपणा तोलून निर्णय घ्यावा, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. तो सल्ला तराजू हातात असलेल्या एका माणसाला उद्देशून असतो. इथे तराजू पुण्यात आहे आणि वजन गावात, हे त्यात धरलेलेच नसते.

मीटरच्या बाबतीत हे अंतर कंपनी आणि घर यांच्यात आहे. एकूण वीजवापराच्या चढउतारावरून घरात कोणते उपकरण केव्हा चालले हे ओळखता येते, हे अमेरिकेतील एमआयटीचे संशोधक जॉर्ज हार्ट यांनी १९८०च्या दशकातच दाखवले होते, आणि त्यातून पाळत ठेवता येईल असा इशाराही त्यांनीच १९८९ मध्ये दिला होता. २००९ मध्ये नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने स्मार्ट मीटर सक्तीचे करणारे विधेयक खासगीपणाच्या कारणावरून अडवले, आणि पुढे तिथे ग्राहकाला नकाराची मुभा ठेवावी लागली. भारतात जून २०२१ मध्ये मंजूर झालेल्या केंद्रीय वितरण सुधारणा योजनेतून ही मीटर आली. दर १५ किंवा ३० मिनिटांच्या नोंदींवरून मिक्सर लागला की इस्त्री, हे सांगणे कठीण आहे. घर चार दिवस बंद आहे, हे मात्र कोणालाही कळेल, आणि मेळघाटातून कामाला बाहेर पडणाऱ्या किंवा दिवाळीला गावी जाणाऱ्या कुटुंबासाठी ती माहिती किरकोळ नाही. उलट बाजूही नोंदवायला हवी. १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर सवलत मिळू लागली, आणि तासांची नोंद नसेल तर ती देताच येत नाही. म्हणजे इथे माहितीच्या बदल्यात घरालाच काही परत मिळते. आंदोलनात हा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला गेला असता, तर मीटर किती पळते यापेक्षा नोंदी कोण पाहतो आणि किती काळ ठेवतो, यावर बोलणे झाले असते.

कायद्याची वाटचाल या सगळ्याच्या मागून झाली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. चुकार संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. कॅमेऱ्यांपुरते बोलायचे तर ९ एप्रिल २०२५ पासून देशात विकायच्या सीसीटीव्हीला सुरक्षेची चाचणी बंधनकारक झाली. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून सर्वांना सारखाच असणारा कारखान्याचा पासवर्ड देण्यास मनाई केली आहे.

दरम्यान, सरकार स्वतःच गावांत अशी उपकरणे आणत आहे. मेळघाटातील हरिसाल २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आले. नागपूर जिल्ह्यातील सातनवरी ऑगस्ट २०२५ मध्ये ‘स्मार्ट इंटेलिजेंट’ गाव म्हणून जाहीर झाले. ताडोबालगतच्या सीतारामपेठेत वाघाची चाहूल देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे आहेत. त्यांचे तोंड जंगलाकडे आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते कॅमेरा कसा लावावा याचे ते चांगले उदाहरण आहे. सार्वजनिक कॅमेऱ्यांबाबत निदान ग्रामसभेत विचारता तरी येते की चित्रण कोणाच्या मोबाइलवर जाते आणि केव्हा पुसले जाते.

घरातल्या कॅमेऱ्याबाबत तशी सोय नाही. २०२३च्या कायद्यातून, एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर वगळलेला आहे. कॅमेऱ्याची कंपनी त्या कायद्याच्या कक्षेत येईल, पण कॅमेरा लावून घेणारा घरचा मुलगा येणार नाही, आणि त्याच्या पडद्यावर दिसणारी सून किंवा सालदार यांना त्या कायद्याखाली त्याच्याकडे काहीही मागता येणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई आहे, पण ते संमतीवाचून शरीराच्या खासगी भागांचे चित्र टिपण्यापुरते आणि पसरवण्यापुरते आहे. अंगणात दिवसभर पाहिले जाणे त्यात बसत नाही. नव्या चाचणीचा नियमही विक्रीसाठीच्या कॅमेऱ्यांना आहे. त्याआधी गावोगाव लागलेले कॅमेरे, बसवणाऱ्याने दिलेल्या पासवर्डासह, जागच्या जागी चालू आहेत.