स्क्रीनवरची खोली आजचीच असते का?

इलेक्ट्रॉनिक नकाशावर आपली बोट दिसत असेल आणि तो हवा तेवढा मोठा करून पाहता येत असेल, तर वाळू किंवा खडक लागण्याची भीती उरत नाही, हा समज खरा नाही. जीपीएस आपले स्थान काही मीटरांच्या फरकाने सांगते. नकाशातली खोली मात्र ज्या दिवशी मोजली त्या दिवसाची असते, आणि काही समुद्रांत ते मोजमाप शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केलेले आहे. चित्र ताणल्याने फक्त आकडा मोठा दिसतो, माहिती तेवढीच राहते. उलट चित्र लहान ठेवले तर बारीक तपशील गळतात. २०१४ मध्ये ‘टीम वेस्टास विंड’ ही शर्यतीची नौका मॉरिशसच्या ईशान्येकडील प्रवाळखडकांवर चढली, त्याचे हे एक प्रमुख कारण होते.

गोव्यात मांडवी नदीच्या मुखाशी आग्वादजवळचा वाळूचा दांडा तर पावसाळ्यात सरकतो. नकाशात ३ मीटर लिहिलेल्या जागी लाटा पांढऱ्या फुटताना दिसल्या, तर तिथल्या मालीम या मासेमारी धक्क्यावरचा कोणताही जुना तांडेल लाटांवरच विश्वास ठेवील, आणि त्याचेच बरोबर आहे.